खापर कोणाच्या माथी?

मराठीत 'खापर' हा शब्द दोन ठिकाणी हमखास भेटतो. दोष दुसऱ्यावर ढकलायचा असला की आपण त्याच्या माथी खापर फोडतो. आणि आजोबा-पणजोबांच्याही पलीकडचे नाते सांगायचे असले की खापरपणजोबांपर्यंत जातो. या दुसऱ्या शब्दाची व्युत्पत्ती काय असेल ती असो. विदर्भातल्या उत्खननांविषयी आपल्याकडे जे लिहिले जाते ते वाचताना मात्र हे दोन्ही अर्थ एकत्र आल्यासारखे मला वाटतात. पांढरीत सापडलेले खापर आपण कोणत्या तरी लोकांच्या माथी मारतो आणि लगेच त्यांना आपले खापरपणजोबा ठरवून टाकतो. मधली पायरी राहून जाते. हे भांडे कोणत्या मातीचे, ती माती कुठली आणि ते भाजले कसे, हे कोणी विचारत नाही.

मी पुरातत्त्वज्ञ नाही. यवतमाळ जिल्ह्यातल्या एका महाविद्यालयात मी मराठी शिकवले. संहितेत जे आहे ते वाचावे, नाही ते तिच्या तोंडी घालू नये, एवढेच मुलांना सांगत आलो. उत्खननांचे अहवालही मी संहिता म्हणूनच वाचतो. प्रस्तुत लेख हा अशा वाचनाचा हिशेब आहे, आणि त्याला निमित्त आहे पाचखेड.

पाचखेड हे बाभूळगाव तालुक्यातले गाव. नागपूर विद्यापीठाच्या प्राचीन भारतीय इतिहास, संस्कृती आणि पुरातत्त्व विभागाने डॉ. प्रबाश साहू यांच्या नेतृत्वाखाली २०२३-२४ च्या हंगामात तिथल्या टेकाडावर उत्खनन केले. साडेआठ मीटरहून अधिक जाडीचे थर मिळाले. तळाशी लोहयुग, त्यावर सातवाहन काळ, मग मध्ययुग, आणि अगदी वर निजामाच्या काळातली टेहळणीची जागा. चुनखडीची जमीन आणि भोवती लाकडी खांब असलेले गोल घर, चूल, लोखंडी वस्तू, मणी, हाडांची अवजारे आणि अर्थातच खापरे. कालमापनासाठी नमुने दिल्लीच्या आंतरविद्यापीठ प्रवेगक केंद्राकडे पाठवल्याचेही त्या वेळी सांगण्यात आले. वर्तमानपत्रांनी 'तीन हजार वर्षांपूर्वीची वसाहत' असे मथळे दिले. आमच्या जिल्ह्याचे नाव कापूस आणि शेतकऱ्यांच्या आत्महत्या सोडून तिसऱ्या कारणाने छापून आले, याचा आनंद मलाही झाला. पण त्या आनंदातच चर्चा कुठल्या कुठे गेली. कोणी विदर्भराजाची वंशावळ काढली, तर कोणी आपल्या समाजाचे मूळ तिथे शोधले. पुरावा काय, असे विचारले की उत्तर यायचे, 'खापरं सापडली ना!'

खापरे सापडली, हे खरेच. पण खापराला काय विचारले म्हणजे ते काय सांगते, याची रीत आपण नीट समजून घेतलेली नाही.

अहवालांची रीत

विदर्भाच्या पुरातत्त्वाचा पाया १९६० नंतरच्या दोन दशकांत घातला गेला. मोरेश्वर दीक्षितांचा कौंडिण्यपूरचा अहवाल १९६८ मध्ये आला. शां. भा. देव आणि म. के. ढवळीकर यांनी वर्धेजवळच्या पवनारचे उत्खनन १९६७ मध्ये केले. त्यानंतर देवांचा टाकळघाट-खापा येथील अहवाल १९७० मध्ये, जगत्पती जोशी यांच्यासह लिहिलेला पवनीचा १९७२ मध्ये, माहुरझरीचा १९७३ मध्ये आणि अ. प्र. जामखेडकर यांच्यासह लिहिलेला नायकुंडचा १९८२ मध्ये प्रसिद्ध झाला. विदर्भाच्या शिळावर्तुळांची, म्हणजे मोठमोठे धोंडे गोलाकार मांडून केलेल्या दफनांची, ओळख आपल्याला या ग्रंथांनीच करून दिली.

या अहवालांतले मृद्भांड्यांचे प्रकरण बहुधा सर्वांत लांब आणि सर्वांत कमी वाचले जाणारे असते. त्यात भांड्यांची वर्गवारी पृष्ठभागावरून होते: कृष्ण-लोहित, म्हणजे आतून आणि काठाशी काळी व बाहेर खालच्या अंगाला तांबडी, अभ्रकमिश्रित तांबडी, तांबड्यावर काळी नक्षी असलेली, जाडीभरडी तांबडी. मग काठाच्या आकारावरून वाडगे, थाळ्या, झाकण्या, मडकी यांची रेखाटने येतात. हे काम अतिशय चिकाटीचे आहे आणि त्याची किंमत कमी लेखण्याचा माझा हेतू नाही. कोणता थर आधीचा, कोणता नंतरचा आणि दोन गावांतले कोणते थर समकालीन, हे ठरवायला याहून भरवशाचे साधन त्या काळी नव्हते. आजही फारसे नाही.

माझा आक्षेप पुढच्या पायरीला आहे. वर्गवारीचे नाव पृष्ठभागाचे असते आणि उपसंहारात, त्याहूनही जास्त त्या अहवालांवर बेतलेल्या आपल्या लोकप्रिय लेखनात, तेच नाव माणसांचे होते. 'कृष्ण-लोहित मृद्भांडी वापरणारे लोक' असा शब्दप्रयोग येतो आणि चार ओळींनंतर 'वापरणारे' गळून पडते. मग हे लोक येतात, जातात, वसाहती करतात. भांडी जणू त्यांच्या अंगावरची कातडीच.

हा मोह मोठमोठ्यांनाही झाला आहे. नर्मदेकाठच्या नावडातोलीला ह. धी. सांकळिया यांना लांब उघड्या तोटीचे वाडगे मिळाले. त्यांचे इराणातल्या भांड्यांशी असलेले साम्य पाहून त्यांनी पश्चिमेकडून आलेल्या लोकसमूहाची शक्यता मांडली. सांकळियांचा अभ्यास आणि प्रामाणिकपणा वादातीत आहे. पण आकाराचे साम्य हे आकाराचेच साम्य असते. ती माती इराणातली की नर्मदेकाठची, हे आकाराकडे पाहून कळत नाही. माती नर्मदेकाठची निघाली तर 'भांडी आली' हे विधान टिकत नाही. फार तर 'कल्पना आली' एवढेच उरते.

कृष्ण-लोहिताच्या बाबतीत तर हा मोह अधिकच घातक आहे. ही भांडी गुजरातेत हडप्पा काळातल्या लोथलला आहेत, राजस्थानात आहाडला आहेत, बिहारात चिरांदला आहेत आणि दक्षिणेतल्या शिळावर्तुळांतही आहेत. त्यांच्यात हजाराहून अधिक वर्षांचे आणि हजारो किलोमीटरचे अंतर आहे. एवढ्या पसाऱ्याला एकच लोकसमूह पुरवणे कोणत्याही कुळकथेला झेपणारे नाही.

रंग हा आव्याचा

मग तो दुहेरी रंग कशाचा? उत्तर रसायनाचे आहे आणि सोपे आहे. मातीत लोह असते. भाजताना हवा मिळाली की लोहाचे तांबडे ऑक्साइड होते. हवा कोंडली, धूर आणि काजळी आत शिरली, की तीच माती काळी पडते. भांडे पालथे घालून त्याचा काठ राखेत, भुशात पुरला तर आतली बाजू आणि काठ काळा राहतो व उघडी बाजू तांबडी होते. मॉर्टिमर व्हीलर यांनी ही पालथ्या भाजणीची उपपत्ती मांडली होती. पुढे भारतीय संशोधकांनी प्रयोग केले, तेव्हा दोनदा भाजूनही असाच परिणाम साधता येतो असे दिसले. म्हणजे एकाच रंगाला पोचणारे रस्ते एकाहून अधिक आहेत. रंग ही आव्यातली एक युक्ती आहे. आणि युक्ती शेजारी शेजाऱ्याकडून शिकतो, लेक सासरी नेते, नाही तर दोघांना स्वतंत्रपणेही सुचते.

याची पहिली परीक्षा अगदी साधी आहे. खापराचा काळा तुकडा पुन्हा मोकळ्या हवेत सातशे-आठशे अंशांपर्यंत तापवायचा. काजळी जळून तो तांबडा झाला, की काळ्या आणि तांबड्या भागाची माती एकच होती हे डोळ्यांना दिसते. त्यापुढची परीक्षा क्ष-किरण विवर्तनाची. मातीतली प्रत्येक खनिजे ठरावीक तापमानाला मोडतात आणि काही नवी तयार होतात. केओलिनची स्फटिकरचना साधारण पाचशे-सहाशे अंशांना ढासळते, चुनखडी सातशे-साडेआठशेच्या दरम्यान विरते, आणि म्युलाइट दिसले तर भट्टी हजारच्या आसपास गेली होती असे मानता येते. कोणते खनिज उरले आणि कोणते नाहीसे झाले, यावरून आव्याची धग मोजता येते. उघड्यावर रचलेला आवा सहसा सहाशे ते साडेआठशे अंशांच्या टापूत राहतो.

ही परीक्षा आपल्या साहित्याला नवी नाही. संतमेळ्यात गोरोबाकाकांनी थापटणे घेऊन एकेकाच्या डोक्यावर मारून पाहिले आणि नामदेवांचे मडके कच्चे ठरवले, ही कथा आपण लहानपणापासून ऐकतो. कथेचा अध्यात्मातला अर्थ आपण सांगतो. तिच्यातली धंद्याची गोष्ट विसरतो. नीट भाजलेले मडके टणत्कार देते आणि कच्चे बद्द वाजते. ते का, तर धगीने मातीचे कण एकमेकांत मुरले की आवाज अडत नाही. गोरोबाकाका ज्या तेरचे, ते तेर स्वतःच सातवाहनकालीन भांड्यांसाठी प्रसिद्ध असलेले पुरातत्त्वीय स्थळ आहे. कुंभाराच्या कानाने जे कळे तेच आज यंत्र आकड्यांत सांगते. फरक एवढाच की यंत्राचा आकडा नोंदवून ठेवता येतो.

माझ्या लहानपणी आमच्या गावचा म्हातारा कुंभार वावरातली काळी माती कधी घेत नसे. काळी माती फुगते आणि वाळताना भेगाळते. तो नाल्याकाठची माती आणायचा, तिच्यात राख आणि लीद मिसळायचा, आणि आम्हा पोरांना खडे वेचायला बसवायचा. ''चुन्याचा खडा राह्यला का मडकं गेलंच समज, पोट्ट्या,'' असे म्हणायचा. त्याचा अर्थ मला पुष्कळ उशिरा कळला. भाजताना चुनखडीचा कळीचा चुना होतो, थंड झाल्यावर तो दमट हवा पितो, फुगतो आणि मडक्याचा टवका उडवतो. प्राचीन खापरात चुनखडीचा कण शाबूत दिसला, तर धग फार चढली नव्हती असा तर्क करता येतो. पण आमच्या भागातल्या मातीत चुना इतका की पुरलेल्या खापराच्या भेगांतही तो नंतर झिरपून बसतो. कण मूळचा की मागाहून आलेला, हे सूक्ष्मदर्शकाखाली पाहूनच ठरते. नुसत्या यंत्राच्या आलेखावर विसंबणाऱ्याची इथे फसगत होते.

माती कुठली?

आता मूळस्थानाचा प्रश्न. इथे यवतमाळ जिल्ह्याला निसर्गाने मोठीच सोय करून ठेवली आहे, आणि तिचा उपयोग व्हायला हवा तेवढा झालेला नाही.

जिल्ह्याचा बहुतेक भाग दख्खनच्या काळ्या पाषाणाचा, म्हणजे बेसाल्टचा. बाभूळगाव तालुक्यातली बेंबळाकाठची मातीही त्याच खडकाची लेक. वर्धा नदी मुलताईच्या पठारावर उगम पावते आणि वरच्या टप्प्यात प्रामुख्याने याच खडकातून येते. पैनगंगाही बेसाल्टच्याच मुलखातून वाहत येते. बेसाल्टच्या मातीत पायरॉक्सीन, प्लेजिओक्लेज, काळी लोहखनिजे आणि कुठेकुठे गारगोटीचे कण मिळतात. जे मिळत नाही ते अभ्रक. अभ्रक हे ग्रॅनाइट, नीस, शिस्ट अशा खडकांचे बाळ. आणि ते खडक नागपूर-भंडाऱ्याच्या बाजूला आहेत.

विदर्भाच्या शिळावर्तुळांत अभ्रकमिश्रित तांबडी भांडी हा एक ठळक प्रकार आहे, हे वर आलेच. माहुरझरी, नायकुंड, टाकळघाट-खापा ही सगळी स्थळे नागपूर जिल्ह्यातली. तिथे अभ्रक जवळपास मिळण्यात नवल नाही. पण तशीच चमकदार भांडी वर्धेच्या पश्चिमेला, बेसाल्टच्या मुलखातल्या एखाद्या पांढरीत मिळाली, तर प्रश्न गंभीर होतो. एक तर ती भांडी तयार होऊन आली, किंवा अभ्रकाची पूड आली, किंवा कुंभारच तिकडची माती घेऊन आला. या तीन शक्यतांचे तीन वेगळे इतिहास आहेत: पहिला बाजाराचा, दुसरा कच्च्या मालाचा आणि तिसरा माणसांच्या स्थलांतराचा. 'अभ्रकमिश्रित' या एका विशेषणाखाली हे तिन्ही गाडले जातात.

त्यांना वेगळे करण्याचे साधन म्हणजे पातळ छेद. खापराचा काप काचेवर चिकटवून ०.०३ मिलिमीटरपर्यंत घासायचा, की प्रकाश त्यातून पार जातो आणि ध्रुवीभूत प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकाखाली एकेक कण ओळखता येतो. अभ्रक मातीच्या अंगात आहे की फक्त वरच्या लेपात, हे तिथे दिसते. अंगात अभ्रकाबरोबर ग्रॅनाइटचे इतर कणही असतील तर मातीच परकी. माती बेसाल्टची आणि चमक फक्त लेपाची असेल तर भांडे इथले आणि शृंगार बाहेरचा.

पण इथेही घाई नको. आपल्याच जिल्ह्याच्या पूर्वेला, वणीकडे, बेसाल्ट संपतो. तिथे पैनगंगा चुनखडक आहे, कोळशाचे गोंडवाना थर आहेत आणि त्यांतल्या वालुकाश्मात फेल्डस्पारबरोबर अभ्रकाचे कणही असतात. म्हणजे बाभूळगावच्या खापरात अभ्रक दिसले म्हणून लगेच नागपूरकडे बोट दाखवता येणार नाही. वणीची वाटही मोकळी ठेवावी लागेल. पाचखेडच्या त्या गोल घराच्या चुनखडीच्या जमिनीलाही हाच प्रश्न विचारता येतो. चुना शेतातल्या चुनखड्यांचा, की वणीकडच्या दगडाचा? पहिले उत्तर निघाले तर गाव स्वतःपुरते जगत होते असे दिसेल. दुसरे निघाले तर नदीकाठच्या एका दळणवळणाचा धागा हाती येईल. दोन्ही उत्तरे मोलाची आहेत.

प्रयोगशाळेने बदललेल्या गोष्टी

हे सारे तात्त्विक वाटत असेल तर दोन जुनी उदाहरणे देतो.

अमेरिकेच्या नैर्ऋत्य भागातल्या पेकोस या स्थळाच्या भांड्यांचे छेद ॲना शेपर्ड यांनी १९३० च्या दशकात तपासले. प्रत्येक गाव आपली भांडी आपणच करते, असे तेव्हा अभ्यासक गृहीत धरत. शेपर्ड यांना मातीत मिसळलेल्या खडकाच्या चुऱ्यावरून दिसले की पेकोसची कितीतरी भांडी बाहेरून आलेली आहेत. म्हणजे काही गावे इतरांसाठी भांडी करत होती आणि हा व्यवहार मोठा होता. हा निष्कर्ष पचायला वेळ लागला, कारण तो सवयीच्या चित्रात बसत नव्हता.

दुसरे उदाहरण आपल्या घरचे. पुदुच्चेरीजवळच्या अरिकामेडूला व्हीलर यांनी १९४५ मध्ये उत्खनन केले. तिथे तळावर बारीक खाचांची वर्तुळे असलेल्या तकतकीत थाळ्या मिळाल्या. त्यांचा संबंध व्हीलर यांनी भूमध्यसागराशी जोडला. रोमन व्यापाराची कथा त्या थाळ्यांवर बराच काळ उभी होती. पुण्याच्या डेक्कन कॉलेजमधील विश्वास गोगटे यांनी क्ष-किरण विवर्तनाने ही खापरे तपासली आणि १९९७ मध्ये निष्कर्ष मांडला, की त्यांची माती बंगालमधल्या चंद्रकेतुगढ-ताम्रलिप्ती परिसराशी जुळते. ज्या थाळ्या रोमकडून आल्या असे वाटत होते, त्या भारताच्याच पूर्व किनाऱ्यावरून सगळीकडे गेल्या होत्या. एका खापराची माती तपासली आणि व्यापाराच्या नकाशावरचा बाणच उलटा फिरला.

समीक्षक म्हणून मला गोगट्यांचे काम मोठे वाटते, पण त्यावरही प्रश्न विचारायला हवा. गंगेचा त्रिभुज प्रदेश हा गाळाचा मुलूख आहे. एकच गाळ शेकडो किलोमीटर पसरतो, त्यामुळे 'या परिसरासारखी माती' आणि 'याच परिसरातली माती' यांत अंतर राहते. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या भूरासायनिक अभ्यासाने या थाळ्या एकाच भूगर्भीय कुळातल्या असल्याचे दाखवले. गोगट्यांच्या मताचा गाभा त्याने बळकट केला. पण नेमके गाव सांगणे ही वेगळी आणि अवघड गोष्ट आहे. विज्ञानातही पहिले वाक्य शेवटचे नसते. निष्कर्ष तपासता येतो आणि दुरुस्त करता येतो, हेच त्याचे सामर्थ्य आहे. 'ही भांडी अमुक लोकांची' हे विधान मात्र तपासायचे कसे, हे ते करणाराही सांगत नाही.

यंत्राची भक्तीही नको

प्रयोगशाळेचा शिक्का पाहून हात जोडणे हीही एक अंधश्रद्धाच. यंत्र खापरातल्या मूलद्रव्यांचे प्रमाण दशलक्षांत किती इतक्या बारकाईने देते. पण ते आकडे कशाशी ताडून पाहायचे? आसपासच्या मातीचे नमुने घेतलेलेच नसतील तर 'जुळत नाही' याचा अर्थ 'बाहेरचे' असा होत नाही. 'आपण शोधले नाही' एवढाच होतो. डीन अर्नोल्ड यांनी जगभरच्या कुंभारांच्या नोंदी एकत्र करून १९८५ मध्ये दाखवले, की बहुतेक कुंभार माती सात किलोमीटरच्या आतूनच आणतात. म्हणजे पाचखेडच्या खापरांसाठी आधी पाचखेडभोवतीच्या सात किलोमीटरच्या वर्तुळातले नाले, तळी आणि नदीकाठ हुडकायला हवेत. त्या माती आजही तिथेच आहेत. आणि कोणती माती चाकावर चालते हे सांगू शकणारे कुंभारही अजून थोडेफार आहेत. प्लास्टिकच्या बाटल्यांनी आणि फ्रीजने त्यांचा माठ मागे टाकला. एक पिढी गेली की हे ज्ञान विचारायला कोणी उरणार नाही. विदर्भातल्या पुरातत्त्वाच्या संशोधनाने कुंभारवाड्यापासून सुरुवात करावी, हे मी भावनेपोटी म्हणत नाही. पद्धतीची ती गरज आहे.

दुसरी सावधगिरी कालमापनाची. प्रवेगक यंत्र कोळशाचे वय सांगते, मडक्याचे नाही. मडके त्या कोळशाच्या थरात सापडले म्हणून ते वय त्याला लागू होते. थराची नोंद चुकली, उंदराच्या बिळातून खापर खाली घसरले, तर अचूक आकडाही चुकीची गोष्ट सांगतो. 'तीन हजार वर्षे' हे शब्द वाचताना हा दुवा लक्षात ठेवावा.

तिसरी गोष्ट नमुन्याच्या निवडीची. दहा सुंदर खापरे निवडून छेद घेतले तर सुंदर खापरांचाच इतिहास मिळतो. गावाचे जगणे भरड्या, बिननक्षीच्या मडक्यांत शिजत होते.

काय पणाला लागले आहे

इथेच माझ्या लेखाचे खरे गाऱ्हाणे आहे. उत्खननात खापरांचे ढीग निघतात. काठ, तळ, नक्षी असलेले तुकडे जपले जातात, कारण आकार त्यांच्यावरूनच काढता येतो. पोटाचे साधे तुकडे मोजून, वजन करून बहुधा तिथेच टाकले जातात. आकारावर चालणाऱ्या पद्धतीला ते खरोखरच निरुपयोगी होते. पण मातीची परीक्षा करणाऱ्याला काठ आणि पोट सारखेच. किंबहुना स्वयंपाकाच्या मडक्याच्या सच्छिद्र पोटातच तेला-तुपाचे अंश मुरून राहतात आणि तिथूनच काय शिजत होते ते आज शोधता येते. आपण टाकून दिले ते हे.

जे जपले त्याची तरी काय गत आहे? काही वर्षांपूर्वी एका जुन्या संग्रहाचे गोदाम पाहण्याचा योग आला. कापडी पिशव्या रचलेल्या होत्या. एक पिशवी उघडली तर आतली चिठ्ठी वाळवीने खाल्लेली. शाईचा एक आकडा उरला होता, स्थळाचे नाव गेले होते. पिशवीतले काळे-तांबडे खापर सुरेख होते, वाजवले तर खणखणत होते. पण ते कोणत्या गावचे आणि कोणत्या थरातले, हे आता जगातली कोणतीही प्रयोगशाळा सांगू शकणार नव्हती. मातीचा पत्ता कदाचित लागेल; ते कुठे वापरले गेले याचा पत्ता कायमचा गेला. हस्तलिखिताचे शेवटचे पान फाटावे आणि कर्त्याचे नाव जावे, तसे मला झाले.

म्हणून पाचखेडच्या अंतिम अहवालाकडून माझ्यासारख्या वाचकाच्या साध्या अपेक्षा आहेत. मृद्भांड्यांच्या प्रकरणात रंग आणि आकाराबरोबर मातीचे प्रकारही स्वतंत्रपणे यावेत. प्रत्येक थरातली भरडी खापरेही नमुन्यात असावीत. भोवतालच्या आणि वणीकडच्या मातीचे नमुने त्याच पद्धतीने तपासलेले असावेत. काय जुळले नाही, हेही छापावे. आणि उरलेली खापरे, साधीसुद्धा, टिकाऊ चिठ्ठीसह पुढच्या पिढीसाठी ठेवावीत. कारण तिच्याजवळ आज आपल्याला ठाऊक नसलेली साधने असतील. या अपेक्षांना फार पैसा लागत नाही. पातळ छेद हे भूगर्भशास्त्राच्या कुठल्याही विभागातले रोजचे काम आहे.

एवढे झाल्यावर खापरपणजोबा सापडतील का? बहुधा नाही. मातीच्या परीक्षेने भाषा कळत नाही, जात कळत नाही, देव कळत नाही. ज्यांना पांढरीतून आपल्या समाजाचा दाखला काढायचा आहे त्यांची निराशाच होईल, आणि ती झालेली बरी. मिळेल ते वेगळेच: बेंबळेकाठी कोणी तरी चांगली माती ओळखत होते, चुन्याचे खडे वेचत होते, आवा रचत होते, काठ राखेत पुरून किती धग द्यायची हे जाणत होते. ते पुरुष होते की बायका, त्यांना 'कुंभार' म्हणत की आणखी काही, हे खापर सांगत नाही. त्यांचे हात किती तयार होते हे मात्र ते सांगते. जिल्ह्याला अभिमानच हवा असेल तर त्याला एवढा आधार पुरेसा आहे, आणि तो कोणाच्याही माथी मारावा लागत नाही.